ग्रुप मेडिक्लेममध्ये कर्मचारी प्लॅन का बदलतात? प्रीमियमआधी गेल्या वर्षीचे क्लेम बघा

तुमचा प्रश्न मला असा समजला. कंपनीत ४१० माणसं. सगळ्यांना कंपनीकडून ३ लाखांचा बेस प्लॅन, पगारातून पैसे कापून घ्यायचा ५ लाखांचा ‘प्लस’, आणि आईवडील किंवा सासूसासऱ्यांसाठी वेगळं ऐच्छिक कव्हर. दोन वर्षांत प्लसमध्ये लोकांची ये-जा चालू आहे आणि पालकांच्या कव्हरमधून तर एक तृतीयांश लोक बाहेर पडले. मॅनेजमेंटचं म्हणणं, प्रीमियम वाढला म्हणून लोक गेले, तेव्हा यंदा स्वस्तातला इन्शुरर शोधा. तुम्हाला ते पटत नाही, म्हणून विचारताय की लोक नेमके का बदलतात.

मी १६ वर्षं कंपन्यांचे ग्रुप मेडिक्लेम हाताळते आहे. कोटेशन, एनरोलमेंट, अडकलेले क्लेम, टीपीएकडे (इन्शुररच्या वतीने क्लेम तपासणारी आणि मंजूर करणारी मधली कंपनी) पाठपुरावा, सगळंच. तुमची शंका रास्त आहे. पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सोडवून घेऊ. एक, माणूस प्लॅन का बदलतो. दुसरा, कोणत्या प्रकारची माणसं बदलतात आणि मागे कोण उरतं. पहिल्याचं उत्तर माणसागणिक वेगळं येईल. पुढच्या वर्षीचा प्रीमियम मात्र ठरतो तो दुसऱ्यावर, आणि त्याकडे कोणी बघतच नाही.

बऱ्याच गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे सुरुवातीलाच सांगते. सरासरी वय २८ असलेली सॉफ्टवेअर कंपनी आणि सरासरी वय ४४ असलेला कारखाना यांची गणितं जुळत नाहीत. पालकांच्या प्रीमियममध्ये कंपनी वाटा उचलते का, एकदा बाहेर पडलेल्याला परत येता येतं का, लोकांचे आईवडील मोठ्या शहरात राहतात की तालुक्याच्या गावी, यावर उत्तर बदलतं. हे तपशील तुमच्या प्रश्नात नाहीत, म्हणून मी माझ्या कामात पुन्हा पुन्हा जे दिसलं त्यावरून लिहिते. तुम्ही ते तुमच्या आकड्यांवर ताडून बघा.

माझ्या अनुभवात प्लॅन बदलण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे गेल्या वर्षातला एखादा क्लेम. स्वतःचा, नाहीतर शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा.

एक प्रसंग सांगते. एका कंपनीतल्या अकाउंट्समधल्या मुलीच्या नवऱ्याचं अपेंडिक्स फुटलं. रात्री अॅडमिट केलं, ऑपरेशन झालं, पाच दिवस हॉस्पिटलमध्ये. बिल १,९०,००० रुपये. पॉलिसी ३ लाखांची, म्हणजे बिल सहज बसायला हवं. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी ११ वाजता डॉक्टरांनी कागदावर सही केली, टीपीएची अंतिम मंजुरी आली संध्याकाळी सहाला. मंजूर रक्कम १,१५,०००. बिलिंग काउंटरवरूनच तिने मला फोन केला. मागे नवऱ्याचा आवाज ऐकू येत होता, ‘तू बस आधी.’ ती म्हणाली, “मॅडम, खोली तर दिवसाला तीन हजारांनीच महाग होती. मग पंच्याहत्तर हजार कुठून आले?”

ते कुठून आले ते बघा. त्या पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. खोली घेतली ६,००० ची. पाच दिवसांचे ३०,००० झाले, त्यातले १५,००० मिळाले. इथपर्यंत कुणालाही कळतं. पण खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची, म्हणून सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, डॉक्टरांच्या व्हिजिट असे जे १,२०,००० होते, तेही त्याच प्रमाणात निम्मे झाले. मिळाले ६०,०००. औषधं आणि तपासण्यांचे ४०,००० मात्र पूर्ण मिळाले, कारण त्यांना ही प्रमाणातली कपात लावता येत नाही. बेरीज १,१५,०००. टीपीएचा हिशेब बरोबर होता. पण हा नियम तिला कुणीही, कधीही सांगितला नव्हता. आधी माहीत असता तर तिने ३,००० ची खोली घेतली असती.

पुढच्या एनरोलमेंटला ती वरच्या प्लॅनमध्ये गेली. तिच्या विभागातले आणखी चौघे गेले, त्यांच्यापैकी एकानेही क्लेम केलेला नव्हता. एचआरच्या रिपोर्टमध्ये त्या पाच जणांपुढे कारण लिहिलं होतं ‘जास्त विमा रक्कम हवी’. वास्तविक रकमेशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. वरच्या प्लॅनमध्ये रूम रेंटची मर्यादा नव्हती, एवढंच कारण. तुमच्या प्लसमध्ये जे आले त्यांनाही हाच प्रश्न विचारा. पाच लाख हवे म्हणून आलात की खोलीसाठी आलात? उत्तर ‘खोली’ असेल तर बेस प्लॅनमधली ती अट काढायला किती प्रीमियम वाढतो, हे इन्शुररला विचारता येईल. अनेकदा तो फरक आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमी निघतो.

याच्या उलटही घडतं. चांगला प्लॅन लोक सोडतात, कारण जवळचं हॉस्पिटल नेटवर्कमध्ये नाही. वडील गावी राहतात, अॅटॅक आल्यावर जे हॉस्पिटल वीस मिनिटांवर आहे तिथे कॅशलेस नाही, मग डिपॉझिट भरा, फाइल जमवा, रीइम्बर्समेंटसाठी महिने-महिने क्वेरींना उत्तरं देत बसा. अशा मुलाला पाच हजार स्वस्त प्लॅनचं आमिष पुरत नाही. विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२४ मध्ये नियम केला की कॅशलेसची विनंती तासाभरात निकाली काढायची आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. तुमच्या टीपीएकडून गेल्या वर्षीच्या प्रत्येक कॅशलेसच्या या दोन वेळा मागवा. जिथे तीनाचे सात तास झाले, त्या माणसाचं नाव बहुधा तुमच्या बाहेर पडलेल्यांच्या यादीत दिसेल.

दुसरं मोठं कारण घरातलं. लग्न होतं, मूल होतं, वडील निवृत्त होतात आणि त्यांच्या ऑफिसचं कव्हर संपतं. नवरा-बायको दोघं नोकरीला असतील तर कुणाच्या कंपनीचं कव्हर चांगलं, हे दरवर्षी नव्याने ठरतं. तुमच्याकडून गेलेल्यांपैकी काही जण विमा सोडून गेलेलेच नाहीत, त्यांनी पालकांना जोडीदाराच्या ऑफिसच्या पॉलिसीत हलवलं असेल. मॅटर्निटीचं तर फार स्पष्ट दिसतं. बाळाचा विचार चालू असलेली जोडपी मॅटर्निटीची मर्यादा जास्त असलेल्या प्लॅनमध्ये येतात आणि बाळंतपण झालं की पुढच्या वर्षी खाली उतरतात. बाहेर वैयक्तिक पॉलिसीत मॅटर्निटीसाठी अनेकदा दोन ते चार वर्षं थांबावं लागतं, ग्रुपमध्ये बहुतेक ठिकाणी थांबावं लागत नाही. मग त्यांनी ग्रुपचा फायदा का घेऊ नये? त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ही ये-जा इन्शुररला आधीपासून माहीत असते आणि त्याने ती किमतीत धरलेली असते.

आता पालकांच्या कव्हरकडे येऊ, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे. इथे मॅनेजमेंटचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पैशाचा प्रश्न आहेच, पण तो नुसता प्रीमियम वाढल्याचा नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत दोन गोष्टी बाहेर बदलल्या. एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम) आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, ग्रुप पॉलिसीवर मात्र तो राहिला. म्हणजे तुमच्या कर्मचाऱ्याला २७,००० च्या प्रीमियमला ३१,८६० मोजावे लागतात, आणि बाहेरच्या पॉलिसीच्या जाहिरातीत ‘जीएसटी शून्य’ असं मोठ्या अक्षरात दिसतं. दुसरी, नवीन कररचना. ज्येष्ठ आईवडिलांच्या प्रीमियमवर ५०,००० पर्यंतची वजावट, जिला सगळे ‘८०डी’ म्हणतात, ती फक्त जुन्या कररचनेत मिळते. जो माणूस नव्या कररचनेत गेला, त्याच्यासाठी तोच प्रीमियम एका रात्रीत महाग झाला. तुमच्या पे-रोलवाल्यांकडे कोणी कोणती कररचना निवडली ते असतं. बाहेर पडलेल्यांची नावं त्यावर लावून बघा.

पण हे झालं, लोक का गेले याचं. ‘कोण गेले’ याचं गणित वेगळं आहे आणि तेच मला तुमच्या मॅनेजमेंटसमोर मांडायचं आहे. समजायला सोपे आकडे घेते. समजा १०० जणांनी पालकांचं कव्हर घेतलं, प्रत्येकी २०,००० भरले. जमा २० लाख, क्लेम १८ लाख. इन्शुररचा स्वतःचा खर्च धरला की त्याला हे परवडत नाही, तो पुढच्या वर्षी २७,००० मागतो. आता घराघरात विचार होतो. ज्याचे वडील रोज सहा किलोमीटर चालतात आणि ज्यांनी तीन वर्षांत एकही क्लेम केला नाही, तो म्हणतो, कशाला? ज्याच्या आईचं डायलिसिस चालू आहे, तो ४०,००० झाले तरी सोडणार नाही. समजा ४० जण गेले. उरलेले ६० प्रत्येकी २७,००० भरतात, जमा १६ लाख २० हजार. पण आजारी माणसं जवळजवळ सगळी मागेच राहिली, म्हणून क्लेम फक्त थोडेसे घटून साडेसोळा लाखांवर आले. आता क्लेम प्रीमियमपेक्षा जास्त. पुढच्या वर्षी इन्शुरर ४०,००० च्या वर जाईल. मग आणखी निरोगी लोक जातील. तुम्ही या जिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर आहात, असा माझा अंदाज आहे.

यात कुणी लबाडी केली असं नाही. प्रत्येकाने आपल्या घरापुरता शहाणपणाचाच निर्णय घेतला. मोठमोठ्या संस्थाही यात सापडल्या आहेत. हार्वर्ड विद्यापीठाने १९९५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याची पद्धत बदलली. कुणीही कोणताही प्लॅन घ्या, विद्यापीठ सारखीच ठरावीक रक्कम देणार, वरचा फरक ज्याने त्याने भरायचा. भरपूर सवलतींचा महाग प्लॅन होता, त्यातून आधी तरुण आणि निरोगी लोक उतरले, उरलेल्यांचा प्रीमियम चढत गेला, आणि तीन वर्षांत तो प्लॅन बंद करावा लागला. अर्थतज्ज्ञ आजही हे उदाहरण देतात. तुमच्याकडे हार्वर्डपेक्षा खूप लहान गट आहे, त्यामुळे दोन-तीन मोठ्या क्लेमनीही हे होऊ शकतं.

म्हणून स्वस्त इन्शुरर आणला तर काय होईल? पहिल्या वर्षी कोटेशन कमी येईल, कारण नव्या ग्राहकासाठी काही कंपन्या तोटा सोसतात. नेटवर्क बदलेल, टीपीए बदलेल, ज्यांचे उपचार मधेच आहेत त्यांची धावपळ होईल. आणि वर्षअखेरीला तोच क्लेम रेशो, म्हणजे जमा प्रीमियमच्या तुलनेत दिलेले क्लेम, नव्या इन्शुररसमोर येईल. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता कंपनी तीन वर्षांत तीन इन्शुरर बदलते असं कळलं, की मी आधी पालकांच्या कव्हरची वयवार यादी मागते. जुन्या इन्शुररची सेवाच वाईट असेल तर जरूर बदला. पण केवळ पालकांचा प्रीमियम उतरवायला बदलणार असाल तर पैसे वाचणार नाहीत.

जे बदलत नाहीत त्यांच्याबद्दलही दोन शब्द, कारण ते संख्येने नेहमी जास्त असतात आणि कुणाच्या नजरेत येत नाहीत. न बदलणं म्हणजे समाधान, असं धरू नका. १९८८ मध्ये विल्यम सॅम्युअल्सन आणि रिचर्ड झेकहॉसर यांनी हार्वर्डच्याच कर्मचाऱ्यांची निवड तपासली, तेव्हा नव्याने आलेले लोक नवे प्लॅन जास्त घेताना दिसले आणि जुने लोक आपल्या जुन्याच प्लॅनवर बसून होते. आपल्याकडे मी तेच बघते. पोर्टल गेल्या वर्षीची निवड आपोआप पुढे नेतं, मार्चच्या गडबडीत कुणी ते उघडत नाही. मूल २५ चं होऊन पॉलिसीतून बाहेर गेलेलं असतं आणि वडिलांना ते हॉस्पिटलच्या दारात कळतं. घटस्फोट झालेला असतो, यादीत जुनंच नाव. या लोकांनी बदलायला हवं होतं, पण बदललं नाही, आणि त्यांची तक्रार क्लेमच्या दिवशीच येते.

तुमच्याकडे शॉप फ्लोअर असेल तर आणखी एक बदल लक्षात घ्या, जो कर्मचारी स्वतः मागतच नाही. ईएसआय म्हणजे कमी पगाराच्या कामगारांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना. तिची पगारमर्यादा महिना २१,००० आहे. पगारवाढीने माणूस ती ओलांडतो आणि चालू अंशदान काळ (वर्गणीचा सहामाही टप्पा) संपला की, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेर, ईएसआयमधून बाहेर पडतो. तोवर पगाराच्या पाऊण टक्क्यात त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांसकट उपचार मिळत होते, आजारपणाच्या रजेत ७० टक्के पगार मिळत होता. आता तो तुमच्या ३ लाखांच्या बेस प्लॅनमध्ये येतो आणि आईवडील एकदम उघड्यावर. पगारवाढीच्या पत्रासोबत त्याला हे सांगणारा एक कागद द्या. आणि पालकांचं कव्हर घ्यायची खिडकी त्याच्यासाठी त्याच महिन्यात उघडेल असं इन्शुररकडून लिहून घ्या, एप्रिलपर्यंत थांबायला लावू नका.

पालकांचं कव्हर सोडून बाहेरची पॉलिसी घेणाऱ्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ग्रुपमध्ये मधुमेह, रक्तदाब पहिल्या दिवसापासून कव्हर असतात. वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी थांबावं लागतं. २०२४ पासून ही मुदत जास्तीत जास्त ३ वर्षांवर आली, आधी ४ होती, पण ६६ वर्षांच्या माणसासाठी ३ वर्षंही खूप झाली. लोक प्रीमियम शेजारी शेजारी ठेवून तुलना करतात आणि ही एक ओळ वाचत नाहीत. त्यावर रीतसर वाट आहे. ग्रुपमधल्या सभासदाला त्याच इन्शुररच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेट होण्याचा हक्क आहे, आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं जुन्या विमा रकमेपुरती थांबण्याच्या मुदतीतून वजा होतात. पुढे दुसऱ्या इन्शुररकडे पोर्ट करता येतं. मात्र प्रस्ताव तपासायचा अधिकार इन्शुररकडे असतो, म्हणून ग्रुपची पॉलिसी संपायच्या दीड-दोन महिने आधी हालचाल करायला हवी, आणि नवी पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनी सोडायची नाही. नोकरी सोडणाऱ्यांनाही हेच लागू. बहुतेक कंपन्यांत शेवटच्या कामाच्या दिवशी रात्री बारा वाजता कव्हर संपतं. राजीनामा स्वीकारल्याच्या ईमेलमध्येच हे लिहिलेलं असावं, असा माझा आग्रह असतो.

आता तुम्ही काय करावं. स्वतः फोन करा. गेल्या दोन वर्षांत पालकांचं कव्हर सोडलेल्यांपैकी निदान वीस जणांना, सर्व्हे फॉर्म न पाठवता, दहा मिनिटांचा फोन. ‘प्रीमियम महाग वाटला का’ असं विचारलंत तर सगळे हो म्हणतील. ‘गेल्या वर्षात घरी कुणाला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं का, आणि तेव्हा काय झालं’ असं विचारा. मग इन्शुररकडून पालकांच्या कव्हरची वयवार आणि क्लेमवार यादी घ्या, सोडलेले आणि राहिलेले वेगळे करून. सोडलेल्यांचे क्लेम नगण्य निघाले, तर वर मांडलेलं गणित तुमच्याकडे चालू आहे असं समजा.

ते चालू असेल तर थांबवायचे मार्ग मोजकेच आहेत. कंपनीने प्रीमियमचा काही टक्के वाटा उचलावा, ठरावीक रक्कम नको. टक्क्यांत वाटा असला की प्रीमियम वाढला तरी निरोगी घरालाही राहणं परवडतं. वाटा उचलायला पैसे नसतील तर कव्हर थोडं बारीक करा, १० ते २० टक्के को-पे (प्रत्येक बिलातला कर्मचाऱ्याने स्वतः भरायचा वाटा) ठेवा, पण लोक राहू द्या. सोबत दोन-तीन वर्षांचं लॉक-इन, म्हणजे तोवर कव्हर सोडता येणार नाही अशी अट, लावा, म्हणजे मोतीबिंदूच्या ऑपरेशनपुरतं येऊन कुणी पुढच्या वर्षी निघून जाणार नाही. लॉक-इन लोकांना आवडत नाही, मलाही ते लावताना जिवावर येतं, आणि ज्याच्या घरी खरंच पैशाची ओढाताण आहे त्याला बाहेर पडायची एक वाट ठेवावी लागते. पण डायलिसिसवाल्या आईच्या मुलाला पुढच्या वर्षीही कव्हर मिळावं असं वाटत असेल, तर निरोगी वडिलांच्या मुलाला आत ठेवायलाच हवं.

आणि एनरोलमेंटच्या ईमेलमध्ये ‘फायदे एका दृष्टिक्षेपात’ असा तक्ता असतो ना, त्याच्या जागी एक खरं बिल लावा, नाव काढून. वरचं अपेंडिक्सचं वापरलंत तरी चालेल. बेसमध्ये किती मिळाले असते, प्लसमध्ये किती, आणि ३,००० ची खोली घेतली असती तर किती. रिन्युअल एप्रिलमध्ये असेल तर फोन डिसेंबरात आणि इन्शुररशी बोलणी जानेवारीत सुरू करा. टीपीएकडून वयवार यादी यायलाच तीन-चार आठवडे लागतात. ती आली की आकडे इथे टाका, नावं काढून, मी बघते.